उभ्या गाडीची बॅटरी का मरते? पावसाळाभर कॅम्पर व्हॅन लावून ठेवणाऱ्यांसाठी

‘गाडी जूनपासून हलवलीच नाही की ओ, मग बॅटरी गेली कशी?’ दिवाळीच्या तोंडावर कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या ऑटो इलेक्ट्रिशियनसमोर उभं राहून हा प्रश्न विचारणाऱ्यांत आता कॅम्पर व्हॅनवाल्यांचीही भर पडली आहे. २०२१ मध्ये राज्य सरकारने कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं. ट्रॅव्हलरमध्ये पलंग, फ्रीज, दिवे, छोटा ओटा बसवून घेणारी हौशी मंडळी आपल्याकडेही दिसू लागली. हिवाळ्यात कोकण, उन्हाळ्यात दांडेली, आणि गगनबावड्याचा, आंबा घाटाचा पाऊस सुरू झाला की गाडी शेडमध्ये. ती थेट गणपती-दसऱ्यानंतर बाहेर निघते.

प्रश्नाचं उत्तर असं, की गाडी हलली नाही म्हणूनच बॅटरी गेली. बॅटरी वापरल्याने झिजते हे खरं आहे. पण उभ्या गाड्यांमधल्या बहुतेक बॅटऱ्या अर्धवट उतरलेल्या अवस्थेत आठवडेच्या आठवडे पडून राहिल्यामुळे मरतात. हे सहज टाळता येतं, आणि दरवर्षी नवी बॅटरी घेणाऱ्या माणसाला ते कुणी नीट सांगत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

एका गाडीत दोन बॅटऱ्या

कॅम्पर व्हॅनमध्ये साधारणपणे दोन वेगळ्या बॅटऱ्या असतात. बॉनेटखाली किंवा सीटखाली असते ती सेल्फची बॅटरी. तिचं काम दोन-तीन सेकंद भरपूर करंट देऊन इंजिन फिरवायचं. तिच्या आतल्या शिशाच्या प्लेटी पातळ आणि पुष्कळ असतात. दुसरी मागची बॅटरी. पंखा, दिवे, फ्रीज, मोबाइल चार्जिंग हे सगळं तिच्यावर चालतं. ती हळूहळू आणि बराच वेळ करंट देते, म्हणून तिच्या प्लेटी जाड असतात.

मागची बॅटरी तीन प्रकारची असू शकते. घरच्या इन्व्हर्टरला असते तशी पाणी घालायची ट्यूब्युलर, ॲसिड काचेच्या तंतूंच्या गादीत मुरवलेली, बंद झाकणाची एजीएम, किंवा लिथियम. पहिल्या दोन्ही शिसं आणि ॲसिडच्याच. लिथियमचे नियम अगदी उलटे आहेत, ते पुढे येतील.

इंजिन चालू असताना दोन्ही बॅटऱ्या चार्ज होतात. इंजिन बंद झालं की मधला रिले (आपोआप जोडणारा-तोडणारा स्विच) त्यांना वेगळं करतो, नाहीतर फ्रीजने सेल्फची बॅटरीही रिकामी केली असती. म्हणजेच गाडी उभी असताना प्रत्येक बॅटरीची काळजी स्वतंत्रपणे घ्यावी लागते. बरेच जण मागची जपतात आणि पुढची विसरतात.

बॅटरीच्या पोटात काय होतं

बॅटरी करंट देते तेव्हा प्लेटीवरचं शिसं आणि ॲसिड यांचा संयोग होऊन लेड सल्फेट तयार होतं. चार्ज करताना हेच सल्फेट परत विरघळतं. काकवीच्या बरणीच्या तळाला साखरेचे कण धरतात, ते बारीक असताना जरा ऊब देऊन ढवळलं तर काकवीत परत मिसळतात. बरणी महिनोन्महिने तशीच राहिली तर तळाला असे खडे बसतात की चमचा रुतत नाही. सल्फेटचंही तेच होतं. ताजं सल्फेट चार्जिंगने जातं. जुनं झालेलं कडक होतं, प्लेट झाकतं, आणि मग कितीही चार्ज केलं तरी तेवढा भाग कामातून गेलेला असतो. मिस्त्री ‘बॅटरी सल्फेट झाली’ म्हणतात ते हेच. जुन्या पाण्याच्या बॅटरीचं बूच उघडून टॉर्च मारला तर प्लेटीवर पिठूळ पांढरट थर कधी कधी डोळ्यांनी दिसतो.

यात वेळ निर्णायक असतो. बॅटरी एका रात्रीत रिकामी झाली आणि दुसऱ्या दिवशी पूर्ण चार्ज केली, तर नुकसान थोडं. तीच बॅटरी दोन महिने अर्धी राहिली तर नुकसान जास्त.

वापर नाही, तर उतरते कशाने

दोन कारणांनी. एक, आपोआप. सगळ्या वायरी काढून ठेवल्या तरी शिसं-ॲसिडची बॅटरी साधारण २५ अंश तापमानात महिन्याला ३ ते ५ टक्के उतरते. जुन्या पद्धतीच्या पाण्याच्या बॅटऱ्या याहून जास्त उतरतात, एजीएम कमी. तापमान १० अंशांनी वाढलं की हा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. त्यामुळे एप्रिल-मे महिन्यात कोल्हापूरच्या उन्हात बंद करून ठेवलेल्या गाडीची बॅटरी पावसाळ्यातल्यापेक्षा लवकर उतरते. पावसाळा लांबतो म्हणून तो जास्त नडतो, एवढंच.

दुसरं कारण मोठं. गाडी बंद केली तरी बंद होत नाही. इंजिनचा कॉम्प्युटर, सेंट्रल लॉक, अलार्म, स्टिरिओचं घड्याळ, लोकेशन ट्रॅकर, गॅस गळतीचा अलार्म हे सगळे रात्रंदिवस थेंब-थेंब करंट खात असतात. समजा सगळे मिळून ५० मिलिअँपिअर खातात. दिवसाला १.२ अँपिअर-तास झाले. बॅटरीवर ‘७० एएच’ लिहिलेलं असतं ते याच मापात, म्हणजे त्या बॅटरीत ७० अँपिअर-तास मावतात. महिन्याला ३६ गेले, म्हणजे निम्मी बॅटरी. जूनच्या मध्यात लावलेली गाडी ऑगस्टच्या मध्याला पूर्ण रिकामी, आणि तिथून पुढे दसऱ्यापर्यंत ती तशीच रिकामी पडून.

मागच्या बाजूला याहून मोठा चोर असतो तो इन्व्हर्टर. त्यावर काही लावलेलं नसलं तरी त्याचं बटण चालू राहिलं तर तो स्वतःच १०-२० वॉट खातो. १५ वॉट धरले तर दिवसाला ३० एएच. शंभर एएचची बॅटरी तीन-साडेतीन दिवसांत तळाला जाते. गाडी लावताना दिवे बंद केलेत का हे सगळे बघतात. इन्व्हर्टरचं ते छोटं बटण सीटखाली, गाद्यांच्या मागे असतं, म्हणून राहून जातं.

किती उतरली, हे कसं कळणार

एक साधा मल्टिमीटर घ्या. लक्ष्मीपुरीत इलेक्ट्रिकच्या कुठल्याही दुकानात मिळतो. गाडी बंद करून चार-सहा तास झाल्यावर टर्मिनलवर व्होल्ट मोजा. चार्जर काढल्या काढल्या मोजलं तर आकडा खोटा वाढीव येतो.

शिसं-ॲसिडच्या बॅटरीला १२.६ ते १२.८ व्होल्ट म्हणजे भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण. १२.२ म्हणजे निम्मी, आणि १२ व्होल्टला जेमतेम पाव उरलेली. ‘बारा व्होल्टची बॅटरी बारा दाखवते, म्हणजे चांगली आहे’ हा समज सगळ्यात महागात पडतो. उभ्या गाडीसाठी मी १२.४ हीच खालची मर्यादा धरतो. त्याखाली आकडा गेला की त्याच दिवशी चार्जिंगला लावायची.

गाडी बंद असताना किती करंट जातो हेही याच मीटरवर मोजता येतं. मीटर १० अँपिअरच्या जागी लावा. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि मीटरची एक पिन त्या वायरला, दुसरी निगेटिव्ह टर्मिनलला लावा. दारं लॉक करा आणि वीस-तीस मिनिटं थांबा, कारण गाडीचा कॉम्प्युटर झोपायला तेवढा वेळ घेतो. सुरुवातीला आकडा मोठा दिसेल, मग टप्प्याटप्प्याने खाली येईल. ५० मिलिअँपिअरच्या आत स्थिरावला तर ठीक. २००-३०० वर अडकला तर एकेक फ्यूज काढून बघायचं. ज्या फ्यूजला आकडा धपकन खाली येतो, चोर त्या वायरीवर आहे. बऱ्याचदा तो मागाहून बसवलेला स्टिरिओ किंवा कॅमेरा निघतो. या अवस्थेत चुकूनही सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल.

‘पण मी दर रविवारी दहा मिनिटं सुरू करतो’

हा उपाय प्रत्येक गल्लीत सांगितला जातो, आणि प्रेमाने सांगितला जातो. तो चालत नाही, कारण हिशेब बसत नाही. आठवड्याला ५० मिलिअँपिअरने ८.४ एएच गेले. दहा मिनिटं इंजिन जागेवर चालवलं आणि बॅटरीत सरासरी २० अँपिअर गेले असं उदार मनाने धरलं तरी ३.३ एएच भरले. दर रविवारी पाच एएच तोटा. सेल्फ मारण्यात फार करंट जातो म्हणून तोटा होतो असं काही जण सांगतात, तेही बरोबर नाही. दोन-तीन सेकंदांच्या सेल्फला ०.२ एएचसुद्धा लागत नाही. खरी अडचण अशी, की शिसं-ॲसिडची बॅटरी शेवटचा पंधरा-वीस टक्के भाग फार सावकाश घेते. त्याला काही तास लागतात, तुम्ही कितीही मोठा अल्टरनेटर (इंजिनवर चालून बॅटरी भरणारा जनरेटर) लावा.

शिवाय इंजिनचंही भलं होत नाही. दहा मिनिटांत ऑइल पुरेसं तापत नाही, सायलेन्सरमध्ये पाणी धरतं, आणि बीएस-६ डिझेल गाड्यांच्या फिल्टरमध्ये काजळी साठते. उघडीप मिळाली आणि गाडी काढायचीच असेल तर हायवेने कागलपर्यंत जाऊन या. तासभराच्या त्या फेरीत बॅटरीत बऱ्यापैकी भर पडते, ब्रेक आणि टायरही मोकळे होतात.

‘छतावर सोलर आहे, मग काळजी कशाला?’

सोलर खरोखर चांगला उपाय आहे, फक्त तीन गोष्टी तपासा. पहिली, गाडी शेडमध्ये किंवा ताडपत्रीखाली असेल तर पॅनेल आहे-नाही सारखंच. दुसरी, उघड्यावर असेल तर पावसाळ्यातही थोडं मिळतं. १०० वॉटचं पॅनेल स्वच्छ उन्हात दिवसाला ३० एएचच्या आसपास देतं. दाट ढगांत त्याच्या दहा-वीस टक्के, म्हणजे ३ ते ६ एएच. इन्व्हर्टर आणि फ्रीज बंद असतील तर एवढं पुरतं. मात्र काचेवर शेवाळ आणि झाडाचा पाला साठू द्यायचा नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यात जास्त चुकते. सोलर बहुधा फक्त मागच्या बॅटरीला जोडलेलं असतं. मागची टुणटुणीत आणि सेल्फची मेलेली, अशा गाड्या म्हणूनच सापडतात. त्याला दोन मार्ग आहेत. मागची बॅटरी भरली की थोडा करंट पुढे सोडणारं छोटं उपकरण दोन्ही बॅटऱ्यांच्या मध्ये बसवून घ्यायचं, किंवा सेल्फच्या बॅटरीसाठी १०-२० वॉटचं वेगळं पॅनेल त्याच्या कंट्रोलरसह (चार्जिंग आवरणाऱ्या उपकरणासह) लावायचं. कंट्रोलर नसेल तर पॅनेल थेट बॅटरीला जोडू नका.

‘चार्जर महिनाभर लावला तर बॅटरी उकळेल ना?’

कुठला चार्जर, यावर ते अवलंबून आहे. गॅरेजमधला जुना, जड, ट्रान्सफॉर्मरचा चार्जर थांबायचं जाणत नाही. तो लावून विसरलात तर पाणी उकळून उडतं, प्लेटी उघड्या पडतात, आणि निघणारा हायड्रोजन बंद गाडीत साठला तर एका ठिणगीने स्फोट होऊ शकतो. त्याची भीती बाळगणं योग्यच आहे.

फ्लोट चार्जर वेगळा. तो बॅटरी साधारण १४.४ व्होल्टपर्यंत नेऊन पूर्ण भरतो, मग स्वतःहून १३.५ ते १३.८ वर उतरतो आणि तिथेच थांबतो. या पातळीला बॅटरीत आपोआप जेवढं उतरतं, तेवढंच भरलं जातं. उभ्या गाडीला २ ते ५ अँपिअरचा असा चार्जर पुरेसा असतो. तापमानाप्रमाणे व्होल्ट कमी-जास्त करणारा मिळाला तर तोच घ्या. ३५ अंशांना फ्लोट २५ अंशांपेक्षा सुमारे ०.२ व्होल्टने कमी हवा. बॅटरीचा प्रकार निवडायचं बटण असतं ते बरोबर जागी ठेवा. पाण्याची बॅटरी असेल तर महिन्याला पातळी बघून फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला, आणि चार्जिंग चालू असताना खिडकी थोडी उघडी ठेवा.

अडचण पार्किंगची. राजारामपुरीतल्या किंवा ताराबाई पार्कातल्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये आपल्या मीटरचा प्लग कुठून येणार? तिसऱ्या मजल्यावरून पावसात एक्स्टेन्शन सोडून महिनाभर ठेवणं धोक्याचं आहे, ते करू नका. अशा वेळी महिन्यातून एक दिवस, उघडीप बघून, समोर थांबून पूर्ण चार्ज करा. किंवा सेल्फची बॅटरी काढून घरी न्या. ती पंधरा-वीस किलोंची असते. दीडशे एएचची ट्यूब्युलर मात्र पन्नास किलोंच्या वर जाते, ती एकट्याने उचलायच्या भानगडीत पडू नका. घरी नेलेली बॅटरी सिमेंटच्या फरशीवर ठेवली तर उतरते, हा समज जुन्या काळचा. आजच्या प्लास्टिकच्या डब्याला फरशीने काही होत नाही.

‘वायर काढूनच ठेवली तर?’

प्लग नसेल, सोलर नसेल, तर हाच सर्वात स्वस्त उपाय. आधी बॅटरी पूर्ण भरायची, मग निगेटिव्ह वायर काढायची. बहुतेक गाड्यांना दहा नंबरचा पाना लागतो. नेहमी निगेटिव्ह आधी काढायची आणि जोडताना शेवटी जोडायची. पॉझिटिव्ह आधी सोडवायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला तर अख्ख्या बॅटरीचा करंट त्या पान्यातून जातो. निगेटिव्ह सुटलेली असेल तर टेकूनही काही होत नाही. काढलेली वायर कापडात गुंडाळून बाजूला सारा. टर्मिनलवर हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड असेल तर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन, वाळवून, पेट्रोलियम जेली लावा. कोल्हापूरच्या पावसाळी दमट हवेत ही पूड फार लवकर धरते.

कॉम्प्युटर पुसला जाईल अशी भीती अनेकांना वाटते. घड्याळ आणि रेडिओचे स्टेशन जातात, काही गाड्यांत काचांचं सेटिंग पुन्हा करावं लागतं. इंजिनचा मूळ प्रोग्रॅम जात नाही. मात्र वायर काढण्याआधी दार किल्लीने हाताने उघडतं का ते बघून घ्या, कारण सेंट्रल लॉक चालणार नाही. पिवळ्या पाटीच्या गाडीला ट्रॅकर असेल तर वायर काढण्यापेक्षा फ्लोट चार्जरच बरा.

वायर काढली तरी आपोआप उतरणं चालूच राहतं. दर दीड-दोन महिन्यांनी मोजायचं, आणि भरायचं.

लिथियमवाल्यांनो, तुमचं उलटं

व्हॅनमध्ये लिथियम बसवतात ती बहुधा लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारची. तिच्यात सल्फेट नाही, त्यामुळे अर्धवट राहण्याचं दुःखही नाही. उलट पूर्ण भरून, गरम जागी महिनोन्महिने ठेवली तर ती लवकर म्हातारी होते. ५० ते ६० टक्क्यांवर आणा, मेन स्विचने सगळा लोड तोडा, सोलरही बंद करा, आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा बघा. फ्लोटवर टांगून ठेवू नका.

इथे मल्टिमीटर फारसा कामाचा नाही. ९० टक्के आणि ४० टक्के यांतला फरक जेमतेम पाव व्होल्ट असतो. आत-बाहेर गेलेला करंट मोजणारा मीटर किंवा बॅटरीचं मोबाइल ॲप वापरा.

हिच्या पोटात बीएमएस नावाचं एक सर्किट असतं. ते सेलवर लक्ष ठेवतं आणि बॅटरी फार उतरली की तिचं कनेक्शन तोडून टाकतं. ते स्वतःही थोडा करंट खातं. म्हणून ‘लिथियमला काही लागत नाही’ म्हणत रिकामी बॅटरी लावून ठेवली, तर बीएमएस ती बंद करतं, टर्मिनलवर शून्य दिसतं, आणि साधा चार्जर समोर बॅटरीच नाही असं समजून सुरू होत नाही. अशी बॅटरी उठवण्याची सोय असलेला चार्जर लागतो. त्याहीनंतर तशीच पडून राहिली तर सेल कायमचे जातात. थंडीत शून्याखाली तिला चार्ज करायचं नसतं, पण ती चिंता आपल्याकडे नाही.

गाडी कुठे लावली आहे?

हा मुद्दा फक्त आपल्या गावाला नीट कळेल. २०१९ आणि २०२१ या दोन्ही महापुरांत सुतारवाडा, व्हीनस कॉर्नर भागात पाणी शिरलं, शिरोलीजवळ हायवे बंद पडला. वायर काढून ठेवलेली गाडी ऐनवेळी हलवता येत नाही. नदीकाठच्या भागात राहत असाल तर पावसाळाभर सेल्फची बॅटरी जोडलेली आणि भरलेलीच हवी, आणि दहा नंबरचा पाना गाडीत समोर. पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी गाठली, की ४३ च्या धोका पातळीची वाट न बघता गाडी उंचावर न्या. पाण्यात बुडालेल्या बॅटरीला, विशेषतः लिथियमला, घरी वाळवून चार्जर लावू नका. जाणकाराला दाखवल्याशिवाय हात लावायचा नाही.

आधीच उतरली असेल तर

शिसं-ॲसिडची बॅटरी असेल तर पटकन भरण्यापेक्षा सावकाश भरा. शंभर एएचच्या बॅटरीला पाच-दहा अँपिअर पुष्कळ झाले. पूर्ण दिवस लागू द्या, मग चार्जर काढून रात्रभर सोडा आणि सकाळी मोजा. १२.६ किंवा वर दिसले तर दुकानात लोड टेस्ट करून घ्या. नुसते व्होल्ट चांगले येऊनही भार पडताच बसणाऱ्या बॅटऱ्या असतात. पाण्याची बॅटरी असेल तर हायड्रोमीटरने सहाही खणांची ग्रॅव्हिटी (ॲसिड पाण्यापेक्षा किती जड आहे तो आकडा) बघा. पाच खण १.२४० च्या वर आणि एकच १.१५० ला अडकलेला असेल तर ती बॅटरी गेली, तिच्यावर आणखी वेळ घालवू नका. चार्ज करताना डबा हाताला चटका देण्याइतका तापला किंवा फुगला तर लगेच बंद करा.

गेलेली बॅटरी भंगारात न टाकता नवी घेताना दुकानदाराला परत द्या. तिच्यातलं शिसं आणि ॲसिड विषारी आहे, २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती परत गोळा होण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, आणि जुन्या बॅटरीचे पैसे नवीच्या किमतीतून वजा होतात. बिलावर तारीख नीट लिहून घ्या, वॉरंटी तिथूनच मोजली जाते.